गरिबीचे माप
(नभोवाणीवरील भाषण)

आमच्या लहानपणी घरातील वडीलधाऱ्यांच्या तोंडून जुन्या पुण्यातील वारांच्या हकिगती पुष्कळ ऐकावयास मिळत. कोकणातून किंवा देशावरून विद्येसाठी आलेला एखादा गरीब मुलगा सदाशिव किंवा शनिवार पेठेतील वाड्याच्या दारात उभा राही आणि आठवड्यातून एक वार आपल्याकडे जेवावयास येऊ द्यावे अशी विनंती करी. अशी सात घरे मिळाली म्हणजे त्याच्या आठवड्याची सोय झाली. ज्या घरधनिणीने त्यास होकार द्यावयाचा, ती त्याच्याकडे दाखला मागत नसे की शिधापत्रिका मागत नसे. ‘वडील काय करतात? भावंडे किती? घरी शेतीवाडी आहे का?’ असे दोन-तीन प्रश्न ती विचारी, मुलाच्या अंगावरील सदऱ्याकडे एकवार पाही आणि निकाल देई.

हे माप पुष्कळदा बरोबर ठरे. आणि त्याचा विशेष गुण असा की, ते परिस्थितीबरोबर हलत असे. मुलास एखादी शिकवणी मिळाली, हाती चार रुपये येऊ लागले, तर तो एखादा वार सोडी. सातांचे सहा होत, सहांचे पाच होत. परंतु शिकवणी मिळाली म्हणून सातही घरांची दारे एकाच दिवशी बंद होत नसत. दोषही तितकाच मोठा होता. हे माप ओळखीच्या, आणि बहुधा आपल्याच जातीच्या, मुलापुरते होते. ज्याची त्या आळीत ओळख नव्हती, ज्यास त्या उंबरठ्याच्या आत येण्याचीच मुभा नव्हती, तो कितीही भुकेला असला तरी त्याच्यासाठी हे माप निघतच नसे.

सरकारने गरिबास साहाय्य करावयाचे ठरविले म्हणजे ओळख, जात, आळी या गोष्टी बाजूला पडतात, आणि हे फार चांगले होते. परंतु सरकारास सदऱ्याकडे पाहता येत नाही. त्यास एखादा आकडा लागतो. तो आकडा कसा ठरतो, त्याच्या अलीकडे आणि पलीकडे काय घडते, आणि आपल्या घरी रोज येणाऱ्या माणसांचा त्याच्याशी काय संबंध आहे, याचा विचार आज आपण करू.

साहाय्याच्या दोन तऱ्हा असतात. पहिल्या तऱ्हेत सरकार ऐपत विचारीत नाही. उदाहरणार्थ, १७ मार्च २०२३ पासून राज्य परिवहनाच्या गाडीत स्त्रियांस निम्मे भाडे झाले. तेथे वाहक कोणा बाईस तिच्या पतीचे उत्पन्न विचारीत नाही. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आरंभी विशिष्ट शिधापत्रिकाधारकांपुरती होती. १ जुलै २०२४ पासून ती राज्यातील सर्व कुटुंबांस खुली झाली आणि कुटुंबामागे दरवर्षी ५ लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण मिळू लागले. दुसऱ्या तऱ्हेत मात्र एक रेघ ओढलेली असते. रेघेच्या आत जो असेल त्यास साहाय्य, बाहेर जो असेल त्यास नाही.

ही रेघ ओढण्याचे मार्ग तीन. एक, माणसाचे उत्पन्न पाहणे. दुसरा, त्याची बचत, जमीन, घर, वाहन पाहणे. तिसरा मार्ग आपल्या महाराष्ट्राने मोठ्या कल्पकतेने वापरला: दाखला न मागता काम पुढे ठेवणे. वि. स. पागे यांच्या पुढाकाराने उभी राहिलेली रोजगार हमी योजना १९७२ च्या दुष्काळात लाखो लोकांचा आधार झाली. १९७७ मध्ये तिचा कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. जो मनुष्य उन्हात खडी फोडावयास आपण होऊन येतो, त्याच्या गरजेचा आणखी पुरावा कशास पाहिजे, हे त्यामागील तत्त्व. परंतु ज्याचे हातपाय थकले त्यास हा मार्ग उपयोगी नाही. वृद्ध, विधवा आणि निराधार यांच्यासाठी सरकारास पुन्हा पहिल्या दोन मार्गांकडेच वळावे लागते.

आता हे माप प्रत्यक्षात कसे चालते ते पाहण्यासाठी एक उदाहरण घेऊ. समजा, आपल्या पुण्यात चार घरी स्वयंपाक करणाऱ्या एक बाई आहेत. वय चौसष्ट, पती निवर्तलेले, पदरी एक नात. तिचे पालकत्व यांच्याकडेच. घरातील मुले त्यांना मावशी म्हणतात. प्रत्येक घरी महिना ३,००० रुपये, म्हणजे एकूण १२,००० रुपये आणि वर्षाचे १ लाख ४४ हजार. ही बाई गरीब आहे काय? आपण म्हणाल, यात विचारावयाचे काय? परंतु उत्तर त्या कोणत्या खिडकीसमोर उभ्या आहेत यावर अवलंबून आहे.

त्या धर्मादाय रुग्णालयात गेल्या तर, वार्षिक उत्पन्न १ लाख ८० हजारांच्या आत असल्याने, त्या ‘निर्धन’ ठरतात. मुंबई उच्च न्यायालयाने २००६ मध्ये मान्य केलेल्या योजनेनुसार अशा रुग्णालयांनी १० टक्के खाटा निर्धनांसाठी विनामूल्य आणि आणखी १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत राखून ठेवावयाच्या असतात. तेथून त्या शिधावाटपाच्या दुकानी गेल्या तर चित्र पालटते. राज्यात १ मे १९९९ पासून पिवळी, केशरी आणि शुभ्र अशा तीन रंगांच्या शिधापत्रिका आल्या. वर्षाला एक लाखाच्या वर उत्पन्न गेले की शुभ्र. म्हणजे रुग्णालयातील निर्धन बाई दुकानात सधन ठरल्या. नातीस शिक्षणहक्क कायद्याच्या २५ टक्के राखीव जागांतून शाळेत घालावे म्हटले, तर आर्थिक दुर्बलांसाठीची मर्यादा एक लाखाची, तेथेही नकार. आणि २८ जून २०२४ च्या शासन निर्णयाने सुरू झालेल्या ‘मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण’ योजनेत मर्यादा अडीच लाखांची असल्याने तेथे त्या पुन्हा पात्र. महिना १,५०० रुपये त्यांच्या खात्यावर जमा होतात.

एकच बाई, एकच चूल, चार खिडक्या आणि चार उत्तरे! प्रत्येक योजनेचा हेतू निराळा, तेव्हा मर्यादाही निराळी असावयाची, हे समर्थन काही अंशी खरे आहे. औषधोपचाराचा खर्च अवाढव्य, म्हणून तेथे रेघ वर. धान्याचा खर्च त्या मानाने थोडा, म्हणून तेथे ती खाली. तथापि या फरकाचे एक कारण याहून साधे आहे. यांतील काही रेघा नवीन आहेत आणि काही जुन्या आहेत. केशरी आणि शुभ्र शिधापत्रिकांमधील एक लाखाची रेघ १९९९ मधील. त्या वेळी वर्षाला एक लाख, म्हणजे महिना सुमारे ८,३०० रुपये, ही रक्कम शाळामास्तराच्या घरासही थोडीथोडकी वाटत नव्हती. रेघ जागच्या जागी राहिली, बाजारभाव मात्र पुढे निघून गेले.

धान्याच्या बाबतीत आणखी एक रेघ आहे. राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायदा २०१३ मध्ये झाला आणि महाराष्ट्रात तो १ फेब्रुवारी २०१४ पासून अमलात आला. त्याखाली प्राधान्य कुटुंबांतील प्रत्येक माणसास महिना ५ किलो धान्य मिळते आणि जानेवारी २०२३ पासून ते विनामूल्य आहे. या प्राधान्य कुटुंबांसाठी शहरात ५९,००० आणि खेड्यात ४४,००० रुपये अशी वार्षिक मर्यादा ठरली. शिवाय महाराष्ट्राच्या शहरी लोकसंख्येपैकी ४५.३४ टक्के आणि ग्रामीण लोकसंख्येपैकी ७६.३२ टक्के एवढ्यांनाच हा लाभ देता येईल असे बंधन आहे. म्हणजे आपण रेघेच्या आत असलो तरी यादीत जागा रिकामी असावी लागते.

आता त्या बाई पासष्ट वर्षांच्या झाल्या असे समजा. गुडघे दुखू लागले, जिने चढवेनात, म्हणून त्यांनी दोन घरे सोडली. मिळकत महिना ६,००० वर आली. माणसाची गरज वाढली आणि मिळकत निम्मी झाली. अशा वेळी साहाय्य वाढावे अशी आपली साधी समजूत. प्रत्यक्षात काय होते? लाडकी बहीण योजना २१ ते ६५ या वयापुरती आहे. पासष्टी उलटली की त्या १,५०० रुपयांचा मार्ग बंद होतो. येथून पुढे वृद्धांसाठी राज्याची जी योजना आहे, तिचे नाव श्रावणबाळ सेवा राज्य निवृत्तिवेतन योजना. नाव मोठे गोड आहे. तीत रक्कमही तीच, महिना १,५०० रुपये. परंतु अट अशी की, कुटुंबाचे नाव दारिद्र्यरेषेखालील यादीत असावे, आणि ते नसेल तर वार्षिक उत्पन्न २१,००० रुपयांच्या आत असावे.

श्रोतेहो, या दोन आकड्यांकडे क्षणभर पाहा. चौसष्टाव्या वर्षी अडीच लाख. पासष्टी उलटताच एकवीस हजार. ज्या वयात माणूस अधिक दुबळा होतो, त्याच वयात गरिबीचे माप बारा पटींनी आखूड होते. हे कोणी दुष्टपणाने केले असे माझे म्हणणे नाही. एक योजना अलीकडची, दुसरी जुनी. दोघींची रेघ एका पट्टीवर ठेवून पाहण्याचे राहून गेले, इतकेच. परंतु त्या बाईंच्या दृष्टीने परिणाम तोच.

आता हे २१,००० म्हणजे किती? महिना १,७५० आणि रोजचे सुमारे ५८ रुपये. दोन माणसांच्या घरात माणशी २९ रुपये. दुसरा हिशेब पाहा. २०२५–२६ या वर्षासाठी महाराष्ट्रात रोजगार हमीची मजुरी दिवसाला ३१२ रुपये ठरली होती. त्या दराने ६८ दिवस काम केले की २१,२१६ रुपये होतात आणि ही मर्यादा ओलांडली जाते. आणि केंद्राच्या २००५ च्या कायद्याने ग्रामीण कुटुंबास हमी दिली होती ती वर्षाला १०० दिवसांची! म्हणजे एका खात्याने हमी दिलेले काम पुरे करावे, तर त्याच कमाईमुळे दुसऱ्या खात्याच्या वहीत तो गरीब राहत नाही.

हीच २१,००० ची मर्यादा विधवा, परित्यक्ता आणि अन्य निराधार यांच्यासाठी असलेल्या संजय गांधी निराधार अनुदान योजनेतही आहे. ती १९८० मध्ये बॅरिस्टर अंतुले मुख्यमंत्री असताना सुरू झाली. या योजनेचे अनुदान पूर्वी महिना ६०० रुपये होते. २०१९ मध्ये ते १,००० झाले. जुलै २०२३ मध्ये १,५०० झाले. आणि दिव्यांगांसाठी ऑक्टोबर २०२५ पासून ते २,५०० झाले. हे योग्यच झाले. परंतु अनुदान ६०० होते तेव्हाही मर्यादा २१,००० ची होती आणि ते १,५०० झाल्यावरही ती २१,००० च राहिली. आपण ताटात वाढावयाचे पदार्थ वाढविले, पण पंगतीत बसावयाचे दार होते तेवढेच अरुंद ठेवले. वर्तमानपत्रात अनुदानवाढीची बातमी येते. मर्यादा न वाढल्याची बातमी कधी येत नाही, कारण जे घडले नाही त्याची बातमी होत नसते.

केंद्र सरकारचे वृद्धांसाठीचे निवृत्तिवेतन आहे, तेथे याच्या उलट, रक्कमच थिजलेली आहे. १५ ऑगस्ट १९९५ रोजी ते सुरू झाले तेव्हा महिना ७५ रुपये होते, पुढे २०० झाले, आणि २०११ मध्ये ८० वर्षांवरील वृद्धांसाठी ५०० झाले. त्यानंतर हे आकडे हललेले नाहीत. महाराष्ट्रात राज्य सरकार आपली भर घालून ही रक्कम १,५०० करते, म्हणून आपल्याकडील वृद्धांस हे फारसे जाणवत नाही.

मर्यादा आखूड असण्याचा एक परिणाम म्हणजे कित्येक गरजू बाहेर राहतात. दुसरा परिणाम याहून चमत्कारिक आहे. पुन्हा त्या स्वयंपाकाच्या बाईंकडे वळू. आता त्यांच्याने एकच घर होते. त्याचे ३,००० रुपये मिळतात. वर्षाचे ३६,००० झाले, तेव्हा श्रावणबाळ नाही. एकूण मिळकत ३,०००. आता शेजारच्या एखाद्या घरी, थोडे काम, १,७०० रुपयांत पत्करले तर? वर्षाचे २०,४०० होतात. मर्यादेच्या आत बसतात. १,५०० चे अनुदान मिळते आणि एकूण हाती ३,२०० येतात. म्हणजे अधिक राबणाऱ्या बाईस ३,०००, आणि कमी राबणाऱ्या बाईस ३,२००! रेघेवरून एक पाऊल पुढे टाकले की पायरी लागत नाही, एकदम कडा लागतो. अशा कड्यापाशी शहाणे माणूस काय करील? एक तर काम कमी करील, किंवा कमाई लपवील. दोन्ही गोष्टी आपण त्यास शिकवितो, आणि वर गरीब लोक खोटे बोलतात म्हणून तक्रारही करतो.

येथे एक अनुभव सांगतो. शाळेतून निवृत्त झाल्यावर ओळखीच्या माणसांचे अर्ज भरून देण्याचे काम मी पत्करले. एकदा एक वृद्ध बाई आल्या. नाव, वय, पत्ता सर्व लिहून झाले. उत्पन्नाच्या रकान्यापाशी मी थांबलो आणि वर पाहिले. त्यांनी विचारले, “गुरुजी, आकडा किती घालू?” प्रश्न अगदी सरळ होता. आकडा किती आहे असे त्या विचारीत नव्हत्या. किती असावयास हवा असे विचारीत होत्या. मी जन्मभर मुलांना खरे बोलावे म्हणून शिकविले. मी म्हटले, “बाई, जे मिळते तेच लिहावयाचे.” त्यांनी मिळकत सांगितली, ती महिना अडीच हजार होती. पेन मी खाली ठेवले. त्यांनी अर्जाचा कागद नीट घडी करून पिशवीत घातला आणि ‘बरं’ म्हणून त्या निघून गेल्या. मी चुकलो असे मला वाटत नाही. परंतु त्या दिवशी खरेपणाची किंमत महिना १,५०० रुपये होती, आणि ती मी दिली नाही, त्या बाईंनी दिली, हे मला विसरता येत नाही.

ही अडचण काही आपल्याच देशात उत्पन्न झालेली नाही, आणि तिच्यावर उपायही नवीन नाही. इंग्लंडात १९०८ मध्ये वृद्धांच्या निवृत्तिवेतनाचा पहिला कायदा झाला. सत्तर वर्षांवरील ज्या माणसाचे वार्षिक उत्पन्न २१ पौंडांच्या आत, त्यास आठवड्यास पाच शिलिंग. योगायोगाने तेथेही आकडा एकवीसच! परंतु उत्पन्न २१ पौंडांच्या पुढे गेले म्हणून दार बंद झाले नाही. थोडे पुढे गेले तर चार शिलिंग, आणखी पुढे तर तीन, मग दोन, मग एक. आणि साडेएकतीस पौंडांनंतर काही नाही. कड्याच्या जागी त्यांनी पायऱ्या खोदल्या. शंभराहून अधिक वर्षांपूर्वी, गणकयंत्रे नसताना, हिशेबनीसांनी हे टाकाने लिहून निभावले.

बचतीच्या मर्यादेतही हाच भेद दिसतो. ब्रिटनमध्ये हल्ली कामकरी वयाच्या गरीब कुटुंबास जे साहाय्य मिळते, त्यात पहिले ६,००० पौंड शिल्लक असली तरी ती हिशेबात धरीत नाहीत. ६,००० ते १६,००० पौंडांपर्यंत प्रत्येक २५० पौंडांमागे महिना ४.३५ पौंड साहाय्य कमी होते. १६,००० च्या वर मात्र ते बंद. शेवटी कडा आहे, पण त्याआधी उतार आहे. उलट अमेरिकेत वृद्ध आणि दिव्यांग गरिबांसाठी जी योजना आहे, तिच्यात राहते घर आणि एक मोटार वगळून एकट्या माणसापाशी २,००० डॉलरांहून अधिक शिल्लक चालत नाही, जोडप्यास ३,०००. हे आकडे १९८९ पासून तसेच आहेत. तेव्हा जागच्या जागी थिजलेली रेघ ही श्रीमंत देशातही सापडते. गरिबास काटकसरीचा उपदेश करावयाचा आणि चार पैसे गाठीस राहिले की साहाय्य काढून घ्यावयाचे, या दोन गोष्टी एकत्र नांदत नाहीत. आपल्याकडील योजनांत बँकेतील शिलकेपेक्षा चारचाकी वाहन, जमीन, घर यांकडे पाहण्याची रीत आहे. ती अधिक शहाणपणाची म्हणावी लागेल.

आपल्या देशास पायऱ्या खोदता येत नाहीत असेही नाही. त्या कोणासाठी खोदल्या, ते पाहण्यासारखे आहे. २०२५ च्या अर्थसंकल्पाने नव्या करपद्धतीत १२ लाख रुपयांपर्यंतच्या सर्वसाधारण उत्पन्नावर कर द्यावा लागणार नाही असे ठरविले. मग ज्याचे उत्पन्न १२ लाख १० हजार, त्याने काय करावे? दहा हजार अधिक मिळविले म्हणून साठ हजारांवर कर भरावयाचा? हा अन्याय होऊ नये म्हणून कायद्यात सीमांत सवलत ठेवली आहे. मर्यादेच्या वर जेवढे उत्पन्न गेले, त्याहून अधिक कर त्याने द्यावयाचा नाही. किती न्याय्य विचार आहे हा! १२ लाखांच्या कड्यावर उभ्या असलेल्या गृहस्थास कायद्याने हात दिला. २१ हजारांच्या कड्यावरील बाईंस तो अजून दिलेला नाही.

आणि माझेच उदाहरण घ्यावयाचे तर, मला निवृत्तिवेतन मिळते. ते देताना माझी ऐपत कोणी विचारीत नाही. नोव्हेंबरात हयातीचा दाखला दिला की वर्षाची निश्चिंती. भाव वाढले म्हणून माझ्यावर ओढवणाऱ्या महागाईचा सरकार वर्षातून दोनदा हिशेब करते. त्यासाठी निर्देशांक आहेत, कोष्टके आहेत, हिशेब करणारी माणसे आहेत. तीच कोष्टके त्या २१,००० च्या आकड्यास लावणे कठीण आहे काय? माझा बाजार आणि त्या बाईंचा बाजार एकच आहे; मंडईत आम्ही दोघे एकाच भावाने भाजी घेतो.

यावर तिजोरीचा प्रश्न निघेल आणि तो खोटा नाही. रेघ वर नेली की आत येणाऱ्यांची संख्या वाढते. लाडकी बहीण योजनेत मर्यादा सैल होती, पिवळी वा केशरी शिधापत्रिका असणाऱ्या बाईस उत्पन्नाच्या दाखल्यातूनही सूट होती. त्यामुळे गरजूंबरोबर अपात्रही आत आले आणि २०२५ मध्ये सरकारास लाभार्थींची पुन्हा छाननी करून ओळख पटवून घ्यावी लागली. अवघ्या दारांच्या चौकटी काढून टाकाव्या असे मी म्हणत नाही. माझे मागणे तीन गोष्टींपुरते आहे. मर्यादेचा आकडा बाजारभावाबरोबर दरवर्षी आपोआप हलावा. रेघेच्या पलीकडे कडा नसून पायऱ्या असाव्या. दीड हजार नाही तर हजार, हजार नाही तर पाचशे. आणि वय वाढले म्हणून माप आखूड होऊ नये. यांपैकी पायऱ्यांना तर फार मोठा पैसाही लागणार नाही, आणि त्यामुळे खोटा आकडा लिहिण्याचे कारणच पुष्कळ अंशी नाहीसे होईल.

हे होईल तेव्हा होईल. तोवर आपण, ज्यांच्या घरी ही माणसे रोज येतात, काही करू शकतो. आपल्याकडे काम करणाऱ्या बाईंचे वय विचारून ठेवावे. पासष्टी जवळ आली असेल तर कोणते साहाय्य बंद होणार आणि कोणते मागता येईल, हे त्यांना आधी सांगावे. राज्यात १५ वर्षांचे वास्तव्य, वयाचा पुरावा, उत्पन्नाचा दाखला यांची जुळवाजुळव अर्जाच्या दिवशी होत नसते. ती आधीपासून व्हावी. रुग्णालयाचा प्रसंग आला तर राखीव खाटांची आणि आरोग्य योजनेची चौकशी आपण स्वतः करावी, कारण लिहितावाचता माणूस खिडकीशी उभा राहिला म्हणजे उत्तर निराळे मिळते, हे आपण सर्व जाणतो. आणि त्यांचा पगार ठरविताना सरकार काही देते म्हणून आपण थोडे कमी द्यावे, हा विचार मनास शिवू देऊ नये.

जुन्या पुण्यातील घरधनीण त्या विद्यार्थ्यास ‘आता एक वार कमी कर’ असे सांगे, तेव्हा त्या मुलाच्या बरकतीचा तिला आनंदच होत असे. एक वार कमी करणे निराळे आणि दार लावून घेणे निराळे. सरकारचे दार तिच्या दारापेक्षा फार मोठे आहे, आणि ते सर्व जातींना आणि सर्व आळ्यांना उघडे आहे. तिच्यापाशी होते तेवढे तारतम्य त्या दाराला लाभले, तर अर्जाच्या रकान्यापाशी कोणा बाईंस ‘आकडा किती घालू’ असे विचारावे लागणार नाही.